तयार माणूस कुठून आणायचा? राज्यातील उद्योग संघटनांच्या अध्यक्षांना खुले पत्र

मा. अध्यक्ष महोदय,
सर्व औद्योगिक संघटना आणि चेंबर्स, महाराष्ट्र



संघटनेची वार्षिक सभा असो, अर्थसंकल्पाआधीची मंत्रालयातली बैठक असो की एखाद्या वाहिनीवरची चर्चा, तुमच्यातले कोणी ना कोणी एक गाऱ्हाणे मांडतेच. ऑर्डरी आहेत, जागा आहे, बँक कर्ज द्यायला तयार आहे, पण कुशल माणूस मिळत नाही. आयटीआय आणि कॉलेजे कामाची पोरे देत नाहीत, म्हणून देशाची वाढ अडून बसली आहे. मी सरकारी आयटीआयमध्ये शिल्प निदेशक होतो. टर्नर आणि मशिनिस्टच्या पोरांना शिकवण्यात उभी नोकरी गेली. नोकरीत असताना ही तक्रार मान खाली घालून ऐकावी लागे. आता निवृत्त आहे, तेव्हा उत्तर द्यायला मोकळा आहे.

तुमच्या तक्रारीत खरे काय आहे तिथूनच सुरुवात करतो, कारण ते थोडेथोडके नाही.

नव्याने प्रवेश घेतलेल्या पोराच्या हाती पहिल्या काही आठवड्यांतच व्हर्निअर कॅलिपर येतो. मुख्य पट्टीवर २३ मिलिमीटर दिसतात. मग सरकत्या पट्टीवरची कितवी रेघ वरच्या रेघेशी तंतोतंत जुळते ते पाहायचे, समजा सतरावी. सतरा गुणिले ०.०२ म्हणजे ०.३४. माप झाले २३.३४. एवढेच. पोरगा दहावी पास असतो, बऱ्याचदा चांगल्या टक्क्यांनी. फळ्यावर ०.५ आणि ०.१५ लिहून यांतले मोठे कोणते असे विचारले की निम्मा वर्ग ०.१५ म्हणतो. पंधरा पाचाहून मोठे, हा हिशेब. मग ड्रॉइंगवर २५ अधिक-उणे ०.०५ असे लिहिलेले असताना २५.४ चा जॉब घेऊन येतो नि म्हणतो, 'सर, पॉइंट चारच तर जास्त आहे.'

आता त्याच पोराचे हात बघा. माइल्ड स्टीलचा तुकडा व्हाइसमध्ये धरून दिवसचे दिवस फाइल मारायची, ट्राय स्क्वेअर लावून जॉब खिडकीच्या उजेडासमोर धरायचा आणि फटीतून उजेड दिसतोय तोवर पुन्हा घासायचे. सुरुवातीला हात झुलतो, म्हणून पृष्ठभाग मधोमध फुगीर येतो. तळहाताला फोड येतात. पण काही महिन्यांत उजेड दिसेनासा होतो. हात शिकतात. दशांश शिकायचा राहिलेला असतो तो पाचवी-सहावीत, आणि तो पुन्हा पायापासून शिकवायला आमच्या वेळापत्रकात जागा नव्हती. वर्कशॉप कॅल्क्युलेशनच्या तासातली दहा-दहा मिनिटे चोरून मी ते काम उरकत असे.

ही माझ्या एकट्याच्या वर्गाची रड नाही. 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाने २०२३ मध्ये ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलांची पाहणी केली. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे फक्त ४३.३ टक्के मुलांना जमले, आणि जवळजवळ चौथ्या हिश्श्याला स्वतःच्या भाषेतला दुसरीचा उतारा अडखळल्याशिवाय वाचता आला नाही. 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २००९ च्या फेरीत आपली तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्ये उतरली होती; ७४ सहभागी देश-प्रदेशांत त्यांचा क्रमांक ७२वा आणि ७३वा आला. त्यानंतर आपण परीक्षेला बसणेच सोडून दिले. एरिक हानुशेक आणि लुडगर वोसमन हे अर्थतज्ज्ञ कित्येक वर्षे हेच मांडत आले आहेत की मुले किती वर्षे शाळेत बसली यावरून देशाच्या वाढीचा अंदाज येत नाही, त्यांना काय येते यावरून येतो. माझ्या कार्यशाळेतल्या अनुभवाला हे तंतोतंत जुळते. एवढ्यापुरते तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पाया कच्चा आहे आणि त्याची किंमत देश मोजतो आहे.

पण सभेत तुम्ही ज्या टंचाईबद्दल बोलता ती ही नव्हे. तुम्हाला हवा असतो तो पहिल्या दिवशी पाळीवर येऊन सीएनसी सेट करणारा, ड्रॉइंग वाचणारा, रिजेक्शन न काढणारा माणूस, आणि तोही कंत्राटदाराच्या दरात. असा माणूस मिळत नाही हे खरे आहे. त्याला टंचाई म्हणायचे का, हा माझा प्रश्न आहे.

कांद्याची आवक घटली की लासलगावात भाव चढतो. कुशल कामगार खरोखरच दुर्मिळ असेल तर त्याचाही भाव चढायला हवा. तो चढला आहे का? केंद्राच्याच २०२४-२५ च्या आर्थिक पाहणी अहवालाने नोंदवले आहे की २०२३-२४ मध्ये बड्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला आणि रोजगार १.५ टक्क्यांनी. पगार नफ्याच्या मागे रेंगाळत आहेत, असेही तिथे म्हटले आहे. हा कुणा डाव्या युनियनचा कागद नव्हे, सरकारचा आहे. ज्या मालाशिवाय धंदा अडला आहे त्या मालाला भाव न देता धंदा एवढा कसा वाढला, याचे उत्तर तुमच्याकडून ऐकायला आवडेल.

दुसरी बाजू बघा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांचा भारतातल्या रोजगारावरचा अहवाल २०२४ मध्ये आला. त्यानुसार पदवीधर तरुणांत बेकारी २९.१ टक्के, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. (निरक्षराला बेकार राहणे परवडत नाही, तो मिळेल ते काम करतो, हेही त्यात धरले पाहिजे.) आपल्या राज्यात २०२४ मध्ये पोलीस भरती झाली. जागा १७,४७१, अर्ज १७ लाखांच्या वर. त्यांत इंजिनिअर होते, एमबीए झालेले होते. भल्या पहाटे मैदानावर धावायला उभी राहिलेली ही पोरे अडाणी नव्हती. तलाठ्याच्या साडेचार हजार जागांना आदल्या वर्षी दहा लाखांवर अर्ज आले होते. शिक्षण कमी पडल्यामुळे वाढ थांबली असती, तर शिकलेल्यांची अशी रांग लागली नसती.

जगाचा अनुभवही याहून वेगळा नाही. हा-जून चँग या कोरियन अर्थतज्ज्ञाने एक जोडी मांडली आहे. १९६० च्या सुमारास तैवानमध्ये साक्षरता ५४ टक्के होती आणि फिलिपिन्समध्ये ७२. दरडोई उत्पन्नातही तेव्हा फिलिपिन्सच पुढे होता. आज तुमच्याच शॉप फ्लोअरवर तैवानी बनावटीची मशिने उभी असतील. फिलिपिन्स नर्सेस आणि खलाशी जगभर पाठवतो. आपल्या देशातला केरळ घ्या. १९९१ मध्ये तो संपूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाला, पण त्याआधीची कित्येक वर्षे तिथले दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीखालीच रेंगाळत होते. शिकलेली माणसे होती, त्यांना घेणारे कारखाने नव्हते. माणसे आखातात गेली आणि तिथून आलेल्या पैशावर घरे उभी राहिली. तैवाननेही शिकवले, नाही असे नाही. पण तिथे शिकवणे आणि कारखाने उभे राहणे बरोबरीने चालले, आणि बरेचसे शिकणे कारखान्यातच झाले.

कारखान्यात शिकणे म्हटले की मला लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवतात. हा माणूस चित्रकार व्हायला मुंबईला गेला होता. रंग नीट ओळखू येत नाहीत म्हटल्यावर यांत्रिक रेखाटनाकडे वळला आणि व्हीजेटीआयमध्ये तोच विषय शिकवू लागला. १९१० मध्ये औंधच्या अधिपतींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाचा माळ दिला आणि तिथे लोखंडी नांगर ओतले जाऊ लागले. त्या माळावर मोल्डर आणि फिटर कुठून आले? आयटीआय तर जन्मालाच आले नव्हते. आपली शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० ची. आसपासच्या गावांतली माणसे आली आणि तिथेच तयार झाली. पुढे सुमंत मुळगावकरांनी टेल्कोचा पुण्याचा कारखाना उभारताना प्रशिक्षण विभाग आणि मशीन टूल विभाग आधी उभे केले, मालमोटारी नंतर बाहेर पडल्या. तिथून शिकून बाहेर पडलेल्या कितीतरी जणांनी भोसरी-चिंचवडला स्वतःच्या शेडी टाकल्या. तुमच्या सभासदांच्या यादीतच अशी नावे सापडतील. त्यांना विचारा, तुम्ही कुठे शिकलात.

आता आजचा कारखाना बघू. माझ्या हाताखालून गेलेला एक पोरगा चाकण भागातल्या एका कारखान्यात सीएनसी टर्निंगवर लागला. नाव सांगत नाही, कारखान्याचेही नाही. कच्चा माल चकमध्ये धरायचा, दार लावायचे, हिरवे बटण दाबायचे, जॉब काढायचा, गेज लावून बघायचा. कापणारा इन्सर्ट झिजला की व्यास वाढत जातो, मग कंट्रोलवर ऑफसेट, म्हणजे मापातली दुरुस्ती, द्यावा लागतो. व्यास का वाढतो हे त्याला आम्ही शिकवले होते. पण ऑफसेटच्या पानाला हात लावायची त्याला बंदी होती. ते सेटरचे काम. सेटर एकच, मशिने बरीच. तो येईपर्यंत मशीन थांबवून उभे राहायचे. पोराने दोनदा विचारले, 'मी देऊ का?' सुपरवायझर म्हणाला, 'तू सात महिन्यांचा, शिकून काय करणार?'

सात महिन्यांचा म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. पुणे पट्ट्यातल्या कुठल्याही पोराला विचारा, 'ब्रेक' म्हणजे काय ते तो सांगेल. २४० दिवस भरले की कायम होण्याचा हक्क चिकटतो, या धास्तीने सात महिन्यांनी घरी पाठवायचे. मग दुसरी कंपनी, दुसरा कंत्राटदार, पुन्हा हेल्पर. हा पोरगा असा तीन-चार गेटांतून फिरला. त्याच्या बायोडाटात अनुभव वाढत गेला आणि हातात बटण तेवढे राहिले. मग मुलाखतीत कोणीतरी त्याला ऑफसेटबद्दल विचारते, तो गडबडतो, आणि तो साहेब संध्याकाळी तुमच्या सभेत सांगतो की आयटीआयची पोरे कामाची नाहीत.

संघटित कारखान्यांत आज दर पाचातले सुमारे दोन कामगार कंत्राटी आहेत, हे सरकारची उद्योगांची वार्षिक पाहणीच दाखवते. ज्याला सात महिन्यांनी जायचे आहे त्याच्यावर कोणी वेळ घालवत नाही, आणि ज्याला ठाऊक आहे की आपण जाणार, तोही जीव लावून शिकत नाही. दोघांचेही वागणे आपापल्या जागी बरोबरच आहे. पण देशाच्या हिशेबात या व्यवहारातून कौशल्य तयार होत नाही, नुसते वापरून संपते.

तुमची अडचण मला कळत नाही असे समजू नका. पंचवीस-तीस माणसांची शेड चालवणाऱ्याने पोराला दोन वर्षे शिकवायचे आणि शेजारच्या मोठ्या कंपनीने तीन हजार जास्त देऊन त्याला उचलायचे, हे रोज घडते. शिकवणारा मूर्ख ठरतो. मग कोणीच शिकवत नाही आणि सगळे मिळून सरकारकडे बोट दाखवतात. हा एका कारखानदाराच्या आवाक्यातला प्रश्न नाही, आणि म्हणूनच हे पत्र कारखानदारांना नसून संघटनांच्या अध्यक्षांना आहे.

जर्मनीत हा गुंता कोणी सोडवला ते बघा. तिथला शिकाऊ उमेदवार साधारण तीन-साडेतीन वर्षे शिकतो, आठवड्यातला दीड-दोन दिवस शाळेत आणि बाकीचे दिवस कारखान्यात. कारखाना त्याला विद्यावेतन देतो. पण करार नोंदवणे, शिकवणारा लायक आहे का ते तपासणे आणि शेवटची परीक्षा घेणे, ही कामे उद्योग व व्यापार चेंबरची. म्हणजे तुमची. चेंबरचे सभासदत्व तिथे कायद्यानेच सक्तीचे आहे, त्यामुळे चेंबरच्या या कामांच्या खर्चातून कोणाला सहजासहजी अंग काढून घेता येत नाही. शिकाऊ उमेदवारीची ही चौकट १९६९ च्या कायद्याने बांधून दिली आहे. आपल्याकडे चेंबर पुरस्कार वाटतात, प्रदर्शने भरवतात, निवेदने देतात. परीक्षक म्हणून कारखान्यातला माणूस मिळावा म्हणून आम्ही प्रात्यक्षिक परीक्षेच्या वेळी फोन करायचो. 'ऑडिट चालू आहे, पुढच्या वेळी बघू,' हे उत्तर इतक्या वेळा ऐकले की शेवटी शेवटी फोनही उपचार म्हणूनच होत असे.

जर्मनीवरून आठवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. ज्या राज्याच्या कारखानदारांना कुशल माणूस मिळत नाही, ते राज्य कुशल माणसे निर्यात करायला निघाले! यावर तुमच्यापैकी कोणी हरकत घेतल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

कायदा आपल्याकडेही आहे, आणि जर्मनीच्या आधीचा आहे. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेतले पाहिजेत, यात कंत्राटी माणसेही मोजायची. विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते. एवढे असून आमच्या पास झालेल्या पोरांना कागदावर 'अप्रेंटिस' आणि प्रत्यक्षात पॅकिंग असे अनुभव येत राहिले. मध्यंतरी 'नीम' नावाची योजना होती. प्रशिक्षणार्थी म्हणून घ्यायचे, कामगार कायदे लागू नाहीत. पुण्यात तिचे काय झाले ते तुम्हीही पाहिलेत; उत्पादनाची अख्खी लाइन 'प्रशिक्षणार्थी' चालवत होते. शेवटी ती गुंडाळावी लागली.

सरकारला मी सोडतोय असे नाही. आमच्या कार्यशाळांत लेथवरच्या रंगाचे थर मोजून त्यांचे वय सांगता यावे अशी स्थिती होती. निदेशकांची पदे रिकामी, एकाने दोन-दोन ट्रेड सांभाळायचे. आयटीआयच्या पोराला विद्यावेतन किती, तर महिना ४० रुपये, आणि ते कित्येक दशके तेवढेच राहिले. २०२३ मध्ये ५०० केले. ४० रुपयांत पोराचा एसटीचा पासही निघत नाही. २०२४ च्या निवडणुकीआधी आलेल्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत सहा, आठ आणि दहा हजार असे विद्यावेतन होते, मुदत सहा महिने, मग वाढवून अकरा. पैसे मिळाले ते चांगलेच झाले. पण सहा महिन्यांत कचेरीतले टपाल आवक-जावक शिकून पोराच्या हाती काय पडले, ते ती पोरे मुदत संपल्यावर मोर्चे काढून सांगत होती. योजनांना नाव आणि फोटो लागतो. मशीन टूलच्या ट्रेडला दोन-तीन वर्षे आणि शेजारी उभा राहून चूक दाखवणारा माणूस लागतो. अशी योजना मांडवात जाहीर करायला कोणाला आवडेल?

तेव्हा पुढच्या वार्षिक सभेत कौशल्याचा विषय निघेल, तो निघणारच, तेव्हा भाषणाआधी थोडे आकडे सभागृहात ठेवावेत अशी विनंती आहे. तुमच्या सभासदांपैकी तीसच्या वर माणसे असलेले किती, त्यांतल्या किती जणांनी कायद्याचे किमान अडीच टक्के भरले, आणि शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्या किती पोरांना त्याच कारखान्याने, किती पगारावर ठेवून घेतले. हे आकडे सभासदांच्या नावांसकट वार्षिक अहवालात छापा; पुरस्कारांच्या फोटोंतली चार पाने कमी केली की जागा होईल. शेजारच्याने पळवलेल्या पोरामागे शिकवणाऱ्याला काही रक्कम मिळेल असा निधी चेंबरला सभासदांच्या वर्गणीतून उभा करता येतो का, ते एका औद्योगिक वसाहतीपुरते करून पाहा. ऑफसेट द्यायला, टूल बदलायला, प्रोग्रॅम वाचायला सहा महिन्यांच्या आत प्रत्येक ऑपरेटरला शिकवायचे, मग तो कंत्राटी असो की कायम, एवढे तुमच्या मोठ्या सभासदांनी तरी ठरवावे. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

आणि सीएसआरबद्दल थोडे. आजूबाजूच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत तुमच्या कंपन्यांची नावे रंगवलेल्या भिंती आणि डिजिटल फळे मी बरेच पाहिले आहेत. फळे बऱ्याच ठिकाणी कुलूपबंद खोलीत असतात. त्याऐवजी सहावी-सातवीच्या पोरांना रोज एक तास फक्त अपूर्णांक, दशांश आणि मोजमाप शिकवणारा एक-एक माणूस द्या. त्याला पगार नीट द्या आणि वर्षाच्या शेवटी पोरांना काय येते ते तुमच्याच क्वालिटी विभागाला तपासायला लावा. रिजेक्शन मोजायची सवय त्या विभागाला आहेच. असे शिकवायला तयार असलेले निवृत्त निदेशक मी गोळा करून देतो. आमच्यापैकी बरेच जण घरी बसून कंटाळले आहेत आणि मानधनावरून फार घासाघीस करणार नाहीत.

सभेची तारीख कळवावी. निमंत्रण नसले तरी मागच्या रांगेत बसायला येईन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक